धाकट्या जावेचे दीड तास

मे महिन्यात आम्ही दोघी जावा ओसरीत बसून चिंचा फोडत होतो. बोटं चिकट झाली होती. चिंचोके एका बाजूला, शिरा दुसऱ्या बाजूला. धाकटी बराच वेळ गप्प होती. ती गप्प असली की काहीतरी शिजतंय हे मला कळतं. तिला घरात येऊन एकोणीस वर्षं झाली.

"आक्का, मी पुन्हा अर्ज भरू का?" ती म्हणाली.

कशाचा, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. माझी धाकटी जाऊ वाटूरकडच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. रोज जुन्या जालन्यातून निघते, बसने जाते, बसनेच येते. पीएच.डी. करायची हे तिच्या मनात लग्नाच्या आधीपासून होतं. पहिल्यांदा अर्ज भरला तेव्हा पोर पोटात होती, म्हणून राहिलं. दुसऱ्यांदा भरला तेव्हा आमच्या सासूबाईंनी अंथरूण धरलं. आता ती बेचाळीसची झाली.

दुसऱ्या वेळची गोष्ट मला लिहायची आहे, कारण ती मी कुणाला सांगितलेली नाही. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा घरातली सगळी मोठी माणसं बसली आणि ठरलं, की धाकटीने कॉलेजमधून आल्यावर त्यांच्याजवळ बसायचं. अभ्यासाचं पुढच्या वर्षी बघू. मी चहा घेऊन आत गेले होते. मला म्हणता आलं असतं, "मी बघते त्यांचं, तिला राहू द्या." माझं काम पाचला सुटतं. मी बियाण्याच्या गोदामात निवडणीला जाते, गोदाम घरापासून चालत दहा मिनिटांवर. मला जमलंही असतं. पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. मी कप ठेवले, रिकामा ट्रे घेतला आणि आत आले. सासूबाई अडीच वर्षं अंथरुणावर होत्या. धाकटीने एका शब्दाने तक्रार केली नाही. तिने केली असती तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून ओसरीत तिने विचारलं तेव्हा मी लगेच म्हटलं, "भर की. विचारून काय राह्यलीस?"

ती हसली. "घरात तुमीच मोठ्या. तुमाला न विचारता कसं?"

"मंग विचारलं ना. झालं."

भरायचा ठरला, पण कुठे, हा मोठा घोळ होता. नोकरी सोडता येत नव्हती. रोज जाऊन बसायचं असं कुठेच जमण्यासारखं नव्हतं. वर्ग फोनवर, संगणकावर होतील असंच काहीतरी हवं होतं. तिने एकदा फोनवर शोधलं आणि त्या दिवसापासून तिच्या फोनला चैन पडेना. एका ठिकाणचा एक पोरगा रोज फोन करायचा. त्याचा आवाज साखरेच्या पाकातला. "मॅडम, घरबसल्या. मॅडम, दोन वर्षांत नावापुढे डॉक्टर. मॅडम, जागा दोनच उरल्यात." दुसऱ्या आठवड्यातही दोनच उरल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात मी तिला म्हटलं, "ह्या दोन जागा लय टिकाऊ दिसतायत."

दुसरं ठिकाण परराज्यातलं, सगळं इंग्रजीत. ते तिने आपणच बाजूला ठेवलं. तिसरं एक विद्यापीठ होतं, मराठवाड्याबाहेरचं, पण सरकारमान्य. नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ घ्यायचे. वर्ग रविवारी ऑनलाइन, मार्गदर्शकांशी बोलणं ऑनलाइन, फक्त वर्षातून दोनदा आठवडाभर तिथे जाऊन राहायचं. किती वर्षं लागतील असं तिने फोन करून विचारलं तर तिथले कारकून म्हणाले, "ते तुमच्यावर आहे." आणि फोन ठेवला.

माझे दीर म्हणजे धाकटीचे मालक. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. ते म्हणाले, "बघ, तो पोरगा किती आदबीनं बोलतो. अन् हे कारकून! आताच असं बोलून राह्यलेत तर पुढं काय करतील?"

धाकटी गोंधळली. तिने दोन्हीकडची माहिती कागदावर छापून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. माझं शिक्षण चौथीपर्यंत. गावात शाळा तेवढीच होती आणि पुढच्या गावी मुलीला कुणी पाठवत नव्हतं. त्या कागदांवरचं मला वाचता येत होतं, पण त्यातलं खरं कुठलं हे वाचून कळण्यासारखं नव्हतं. तेव्हा मला आमचं काम आठवलं.

गोदामात बियाणं सगळं सारखंच सुंदर दिसतं. पिशवी तर त्याहून सुंदर. पण पेरणाऱ्या माणसाने पिशवी बघून पेरायचं नसतं. माझा भाऊ केदारखेड्याला असतो, तो दर मे महिन्यात सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडतो, गुंडाळी करतो, सुतळीने बांधतो आणि सावलीत ठेवतो. पाणी शिंपडत राहतो. सहाव्या दिवशी गुंडाळी उघडायची आणि किती उगवले ते मोजायचं. सत्तर उगवले तर पेरायचं. कमी उगवले तर दुसरं बघायचं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पिशवीवरच्या चित्राला भुलून पेरणारे दरसाल असतातच.

मी धाकटीला म्हटलं, "दोन्हीकडच्या दहा-दहा माणसांना विचार. जे तिथं शिकले त्यांना. किती उगवले ते बघ."

"आक्का, अनोळखी माणसाला असं कसं विचारायचं? तुमी पीएच.डी. झाले का न्हाई म्हणून?"

"मला न्हाई जमणार. तुला जमंल. तू मास्तरीण आहेस."

गोड बोलणाऱ्या पोराकडे तिने दहा जणांचे नंबर मागितले. दोन दिवस तो टाळत राहिला, मग त्याने तीन दिले. धाकटीने तिघांना फोन लावले, मी शेजारी बसले होते. पहिले गृहस्थ म्हणाले, "माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम निर्णय!" दुसऱ्या बाई म्हणाल्या, "माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम निर्णय!" तिसऱ्याला धाकटीने आधीच विचारलं, "तुमच्या आयुष्यातला सर्वोत्तम निर्णय का हो?" तर तो गडबडला आणि म्हणाला, "हो, पण तुम्हाला कसं कळलं?" आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसलो.

त्या सरकारमान्य विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भूगोलाच्या विद्यार्थ्यांची यादी होती, कोण कधी लागलं, कोण कधी झालं. तिने दहा जणांना मेल पाठवली. सात जणांनी उत्तरं दिली. दोघांची पदवी झाली होती. चौघांचं चाललं होतं, त्यातल्या एकाचं सहावं वर्ष. एक बाई सोडून गेल्या होत्या. पदवी झालेल्यांपैकी एकाने लिहिलं होतं, की आमच्या मार्गदर्शक मॅडम एवढ्या रागवायच्या की मी दोनदा रडलो, पण माझा प्रत्येक कागद त्यांनी वाचला. आणि ज्या बाई सोडून गेल्या त्यांनी सगळ्यात लांब पत्र लिहिलं होतं. मॅडमचा दोष नव्हता, माझ्या घरी जमलं नाही, तुम्ही आधी घरी नीट बोलून घ्या, असं.

धाकटीने ती उत्तरं मला वाचून दाखवली. दीर म्हणाले, "दहात दोनच? हे तर बेकार बियाणं निघालं, वहिनी."

"वाळून गेलं ते पण सांगतायत," मी म्हटलं. "मला हेच बरं वाटतंय."

धाकटी त्या सोडून गेलेल्या बाईंचं पत्र पुन्हा वाचत होती. दुसऱ्या दिवशी तिने त्याच विद्यापीठाचा अर्ज भरला. त्या गोड बोलणाऱ्या पोराचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं, "दादा, त्या दोन जागा दुसऱ्या कुणाला द्या."

सेट परीक्षा ती आधीच पास होती, म्हणून प्रवेश परीक्षा द्यावी लागली नाही. कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र मिळालं. मग मुलाखतीची तारीख आली. रविवार, सकाळी अकरा. तीसुद्धा ऑनलाइन.

त्या रविवारी आमच्या घरात पाहुणे बघायला येणार असल्यासारखी गडबड होती. दिरांनी दुकानातून नवी वायर आणली. पुढच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावलं, मागचं कॅलेंडर काढलं, कारण त्यावर पंपाची जाहिरात होती. पुतणीचा लॅपटॉप टेबलावर ठेवला. मी कुकर लावला होता तो साडेदहालाच उतरवला, ऐन बोलण्यात शिट्टी नको. पोहे मात्र मी केले. दीर म्हणाले, "वहिनी, ते सर लोक फोनमधून पोहे खाणार का?" मी म्हटलं, "तुमी तर खाणार ना? मंग गुमान बसा."

मी पडद्यामागे स्वयंपाकघरात उभी राहिले. लॅपटॉपवर दोन सर आणि एक मॅडम होत्या. धाकटीचा विषय आठवडी बाजार. कोणत्या गावची माणसं कोणत्या बाजाराला जातात, जवळचा बाजार सोडून लांबच्याला का जातात, असं. तिला बोलायला आवडतं आणि बाजारात फिरायला त्याहून आवडतं. तिचा आवाज आधी कापत होता, मग सुरळीत झाला. एक सर म्हणाले, "छान." मला वाटलं, झालं आता.

मग मॅडमचा आवाज आला. "तुमची तयारी चांगली आहे. पण मला दुसरीच काळजी असते. नोकरीवाल्या बायका येतात, हुशार असतात, आणि वर्षाच्या आत गळतात. घरी तुमचा स्वयंपाक, तुमचं काम, कोण बघतं?"

"मोठ्या जाऊबाई आहेत," धाकटी म्हणाली. "आम्ही दोघी मिळून करतो."

"आत्ता घरी आहेत का? मला त्यांच्याशी दोन मिनिटं बोलू द्या."

दीर पडद्याआड डोकावले आणि हाताने खुणा करायला लागले. मी मान हलवली, बिलकुल नाही. ते कुजबुजले, "वहिनी, चला की!" मागच्या दाराने शेजारच्या घरात जाता येतं. मी त्या दाराकडे बघितलं, हे खरं आहे. तेव्हा मला तो ट्रे आठवला. चहाचे कप ठेवून मी रिकामा घेऊन आत आले होते तो.

मी डोक्यावर पदर घेतला आणि पुढच्या खोलीत गेले. समोर मोठी शिकलेली माणसं. त्यांच्यापुढे खुर्चीवर कसं बसायचं? मी टेबलाजवळ खाली सतरंजीवर बसले आणि हात जोडले.

"आल्या का त्या?" मॅडमनी विचारलं. "मला तर भिंतच दिसतेय."

"आक्का, खुर्चीवर बसा," धाकटी हळूच म्हणाली.

"असू दे. इथंच बरंय."

धाकटीने लॅपटॉपचं झाकण पुढे वाकवलं. मॅडम हसल्या. "हां, कपाळ दिसलं. चला, तेवढं पुरे. नमस्कार ताई. मला एकच सांगा. यांना अभ्यासाला रोज दोन तास लागतील. त्या दोन तासांत त्यांना कुणी हाक मारायची नाही. मिळतील?"

हो म्हणायचं होतं. एवढंच करायचं होतं. पण मी मनात घरचा दिवस मांडून बघितला. सकाळी साडेपाचला आम्ही उठतो. सातच्या आत भाकरी थापून व्हायला लागतात, कारण तिचे मालक, माझे मालक, ती आणि मी, चौघांचे डबे. ती आठच्या बसला पळते. संध्याकाळी साडेपाचला येते तेव्हा तिचा चेहरा मी बघते ना रोज, त्या वेळी तिला कुणी पुस्तक दिलं तर ती त्याची उशी करेल.

"दोन न्हाई मिळणार," मी म्हटलं.

धाकटीने माझ्याकडे बघितलं. माझा आवाज अगदी बारीक निघत होता, पण निघत होता.

"दीड तास देते. सकाळी साडेपाच ते सात. भाकरी, डबे सगळं मी करते, तिनं खोलीतून बाहेर यायचं न्हाई. पण नळाला पाणी आलं त्या दिवशी काहीच न्हाई. आमच्याकडं नळ कवा येईल त्याचा नेम न्हाई, आला की सगळ्यांनाच भरावं लागतं. दोन म्हणले असते, पण ते खोटं झालं असतं."

एक सर खोकल्यासारखं हसले. मॅडमनी विचारलं, "आणि त्या आजारी पडल्या, किंवा घरात दुसरं कुणी आजारी पडलं तर?"

"दुसरं कुणी पडलं तर मी बघते," मी म्हटलं. हे वाक्य बोलायला मला बरीच वर्षं लागली होती. "ती पडली तर मंग तिचं बी बघते."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "आभारी आहे ताई."

लॅपटॉप बंद झाल्यावर दिरांनी कपाळावर हात मारला. "वहिनी! दीड? दोन म्हणायला काय जात होतं? त्या काय घड्याळ घेऊन येणार होत्या का इथं?"

"मला सुचलं ते बोलले."

"अन् नळाचं कशाला सांगितलं? अख्ख्या विद्यापीठात आपला नळ गाजला!"

"खरंच तर सांगितलं त्यांनी," धाकटी म्हणाली, आणि पोह्याची ताटली उचलली. पण तिने दोनच घास खाल्ले.

पुढचे नऊ दिवस मी फार अवघड काढले. गोदामात दाणे निवडताना फुटका कुठला, चांगला कुठला हे बघत नव्हते, हात आपले चालत होते. एकदा मुकादमीण म्हणाली, "काय गं, आज सगळेच पास करून राह्यलीस!" मागच्या वेळी गप्प राहून मी तिचं वर्ष घालवलं होतं. आता बोलून घालवलं की काय, असं वाटत होतं. रविवारी विहारात वंदनेला बसले तरी मन त्या दीड तासातच अडकलेलं. घरी यायचे ते धाकटीच्या तोंडाकडे बघत. ती नेहमीसारखी. तिने मला बोल लावला असता तर सुटले असते.

दहाव्या दिवशी ती बसमधूनच फोनवर ओरडली. मला आधी वाटलं, बस उलटली. मागे बसचा आवाज, लोकांचा आवाज, त्यात ती. "आक्का! लागला नंबर! त्याच मॅडम मार्गदर्शक मिळाल्या! ज्यांनी त्या माणसाला दोनदा रडवलं त्याच!"

"काय म्हणल्या त्या?"

"म्हणल्या, सगळ्यांच्या घरून चार-चार तास मिळतात, अन् दिवाळीनंतर माणूस दिसत न्हाई. दीड तास सांगणारं घर पहिल्यांदाच भेटलं. अन् विचारत होत्या, पाणी आलं का!"

मी घरात एकटीच होते. बसले आणि पोटभर हसले. मग रडलेही थोडं, पण ते हसण्याच्या पोटातच गेलं.

ऑगस्टअखेर सुरू झालं. रोज साडेपाचला मी तिच्या खोलीच्या दारात चहा ठेवते आणि दार ओढून घेते. पहिल्या आठवड्यात तीच सारखी बाहेर यायची. "आक्का, मी डबे भरू का?" मी लाटणं दाखवायचे. दुसऱ्या आठवड्यात माझी एक भाकरी करपली, वास घरभर गेला, तरी ती बाहेर आली नाही. करपलेली भाकरी मी खाल्ली आणि ती मला गोड लागली.

पहिला मोठा वर्ग रविवारी होता, अकरा ते एक. त्या दिवशी बरोबर साडेअकराला आमच्या मावससासू भोकरदनकडून आल्या. मक्याची कणसं पोतंभर घेऊन. त्यांचा आवाज शेतात बोलायचा, घरातही तोच.

"धाकटी कुठंय? पाया पडायला पण आली न्हाई!"

"मावशी, ती वर्गात बसलीय."

"आज रविवारी? कुठल्या वर्गात?"

मी खोलीकडे बोट दाखवलं. मावशींनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "खोलीत बसून कसला वर्ग? मी फकस्त तोंड दाखवते तिला," म्हणत त्या निघाल्या. त्या कडीला हात घालणार तेवढ्यात मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"आत्ता न्हाई, मावशी."

मावशी थांबल्या. या घरात येऊन मला अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी त्यांना पाणी देते, चहा देते, हो म्हणते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. आतून कुणीतरी भूगोलातलं काहीतरी बोलत होतं, मग धाकटीचा आवाज आला, "सर, मला एक शंका आहे."

मावशींचा आवाज एकदम खाली आला. "सर हायेत आत?"

"आहेत."

"मंग कणसं भाजली तर चालतंय का? का त्याचा बी आवाज होतो?"

"दाणे उडतात थोडे. पण तेवढं चालंल."

आम्ही दोघी मागच्या अंगणात चूल पेटवून बसलो. मावशी कुजबुजत बोलत होत्या. त्यांना कुजबुजता येतं हे मला त्या दिवशी कळलं. कणीस फुटलं की दोघी दाराकडे बघायचो.

एक वाजता धाकटी बाहेर आली. केस विस्कटलेले, कानातली वायर तशीच लटकलेली. मावशींच्या पाया पडली.

"काय शिकवलं गं दोन तास?" मावशींनी विचारलं.

"प्रश्न कसा विचारायचा ते."

"एवढ्याला दोन तास?"

"न्हाई झालं अजून," धाकटी म्हणाली आणि माझ्या हातातलं कणीस ओढून घेतलं. "मला आधी खायला द्या काहीतरी, सकाळपासून कुणी हाक सुद्धा मारली न्हाई."